पाळीव पोपटाची उड्डाणपिसे कापावीत का, आणि कापायचीच तर किती?

चिमणचारा:

नमस्कार. आमच्याकडे ग्रीन चीक कॉन्यूर या छोट्या पोपटाच्या जातीची एक मादी आहे. वय आठ महिने, प्रकृती उत्तम, माणसांची सवय चांगली झालेली आहे आणि ती आता घरभर मोकळेपणाने उडते. तिचे उडणे पाहताना आनंद होतो, पण तितकीच धास्तीही वाटते. छताचा पंखा चालू असताना ती अचानक झेपावते, खिडकीच्या बंद काचेवर ती एकदा आदळली आहे, आणि घरात लहान मूल असल्यामुळे दार कोणत्या क्षणी उघडेल याचा भरवसा देता येत नाही. ओळखीच्या बऱ्याच पक्षीपालकांनी उड्डाणपिसे कापून घेण्याचा सल्ला दिला आहे. काहींनी तितक्याच ठामपणे विरोधही केला आहे.

मला पुढील गोष्टी जाणकारांकडून समजून घ्यायच्या आहेत. पिसे कापताना पक्ष्याला वेदना होतात का? नेमकी कोणती आणि किती पिसे कापतात? एकाच पंखाची की दोन्ही? हे काम घरी करणे योग्य आहे का? आणि मुळात आमच्या परिस्थितीत ते करावे का? सविस्तर उत्तरे मिळाली तर मी आभारी राहीन.

रानवेडा:

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. एकाच पंखाची पिसे कधीही कापू नयेत. तसे केल्यास हवेत तोल राहत नाही, पक्षी एका बाजूला गिरकी घेत खाली येतो आणि छातीवर आपटतो. कापायचीच असतील तर दोन्ही बाजूंची, सारख्याच संख्येने आणि सारख्याच लांबीवर कापावीत.

मैत्रेयी:

मी पक्ष्यांच्या दवाखान्यात बरीच वर्षे सहायक म्हणून काम करते आहे, त्यामुळे थोडे तपशिलात लिहिते.

पूर्ण वाढलेले पीस हे आपल्या नखासारखेच निर्जीव असते. त्यात रक्तवाहिनी किंवा मज्जातंतू नसतो, म्हणून ते कापताना वेदना होत नाहीत. त्रास होतो तो धरण्याचा. वाढत असलेल्या पिसाची गोष्ट मात्र पूर्णपणे वेगळी आहे. त्याच्या दांडीत रक्तपुरवठा चालू असतो आणि ते कापले गेले तर धार लागते. पक्ष्याच्या शरीरातील रक्त त्याच्या वजनाच्या साधारण एक दशांश असते. कॉन्यूरचे वजन ७० ग्रॅम धरले तर तिच्या अंगात जेमतेम ७ मिलिलिटर रक्त असेल. एवढ्यावरून या चुकीची किंमत लक्षात येईल.

आता कोणती पिसे, ते सांगते. पोपटाच्या पंखाच्या टोकाकडच्या भागावर, म्हणजे हाताच्या पंजाशी जुळणाऱ्या हाडांवर, १० लांब पिसे असतात. ती प्राथमिक उड्डाणपिसे. पक्ष्याला पुढे रेटण्याचे काम मुख्यतः ती करतात. त्यांच्या आतल्या बाजूला, कोपरापर्यंतच्या हाडावर असतात ती दुय्यम पिसे. ती पक्ष्याला हवेत तोलून धरतात. कात्री लावायची असेल तर ती फक्त प्राथमिक पिसांना लावावी. दुय्यम पिसे कापली की पक्षी तरंगत खाली येऊच शकत नाही, तो थेट पडतो.

पहिल्या वेळी प्रत्येक पंखाची बाहेरची तीन किंवा चार पिसे पुरतात. तेवढी कापून थांबावे आणि मऊ अंथरूण घातलेल्या खोलीत, कमी उंचीवरून पक्षी कसा उतरतो ते पाहावे. तो तिरक्या रेषेत, तोल सांभाळत, काही अंतर पुढे जाऊन पायांवर उतरला पाहिजे. त्याला अजूनही सहज उंची गाठता येत असेल तर दोन्हीकडचे आणखी एकेक पीस कापता येते. कापलेले पीस मात्र परत चिकटवता येत नाही, म्हणून चूक झालीच तर ती कमी कापण्याच्या बाजूनेच व्हावी. पक्षी उडूच नये हा या कामाचा हेतू नसतो. त्याला वेग आणि उंची गाठता येऊ नये, पण सुखरूप उतरता यावे, एवढेच साधायचे असते.

निशिगंध:

मैत्रेयीताई, पक्ष्याला धरायचे कसे, यावरही लिहाल का? आमचा बजरीगर हातात घेतला की तोंड उघडून धापा टाकू लागतो आणि मी घाबरून त्याला सोडून देते.

मैत्रेयी:

तुम्ही सोडून देता हेच योग्य करता. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. त्यांचे छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच हवा आत-बाहेर होते. छातीभोवती मूठ आवळली की नाक-तोंड मोकळे असूनही पक्षी गुदमरतो, आणि हे इतक्या शांतपणे घडते की धरणाऱ्याला कळतही नाही.

पातळ, स्वच्छ टॉवेल पाठीकडून घालावा. अंगठा आणि मधले बोट जबड्याच्या हाडांच्या दोन्ही बाजूंना हलकेच टेकवावे, म्हणजे डोके स्थिर राहते आणि चोचही लागत नाही. छाती पूर्ण मोकळी ठेवावी. एकाने धरावे आणि दुसऱ्याने कापावे. एकट्याने हे काम करू नये. पंख उघडताना त्याचे टोक धरून ओढायचे नाही, कारण पक्ष्याने झटका दिला की दंडाचे हाड मोडू शकते. पंखाचा पुढचा, मांसल कडेचा भाग खांद्याजवळ आधार देऊन धरावा आणि मग पंख उलगडावा. धापा, शेपटीची वरखाली हालचाल किंवा अंग सैल पडणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी सोडावे. काम अर्धवट राहिले तरी चालते.

उत्तरवारा:

मैत्रेयी यांनी पद्धत उत्तम सांगितली आहे याबद्दल आदर आहे, पण मी पद्धतीच्या आधीच्या प्रश्नाकडे येतो. आठ महिन्यांचा, निरोगी, चांगला उडणारा पक्षी आहे. त्याचे उडणे आपल्या सोयीसाठी काढून घेण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

उडणे ही पोपटाची हौस नव्हे. त्याचे छातीचे स्नायू, हृदय, फुप्फुसे आणि हवेच्या पिशव्या ही सगळी रचनाच उड्डाणासाठी झालेली आहे. वर्षानुवर्षे न उडणाऱ्या पोपटांत वजन वाढणे, यकृतात चरबी साठणे, रक्तवाहिन्या कठीण होणे हे विकार पशुवैद्यांना नेहमी दिसतात. अर्थात त्यात बियांच्या अतिखाण्याचाही वाटा असतो. याखेरीज मनाचा भाग आहेच. भीती वाटली की दूर उडून जाणे हा पक्ष्याचा पहिला बचाव. तो उपाय हिरावून घेतला की त्याच्याकडे चावणे किंवा गोठून बसणे एवढेच उरते. ‘पिसे कापल्यावर पक्षी शांत झाला’ असे जे सांगितले जाते, त्यातील बरीचशी शांतता ही नाइलाजाची असते.

चिमणचारा यांनी मांडलेले तिन्ही धोके खरे आहेत. मात्र ते तिन्ही घरातले आहेत, पक्ष्यातले नाहीत. पक्षी बाहेर असताना पंखा बंद ठेवणे, काचेवर पडदा सोडणे किंवा खुणा चिकटवणे आणि पक्ष्याच्या खोलीला दुहेरी अडसर करणे, हे कात्रीपेक्षा कष्टाचे असले तरी कात्रीआधी व्हायलाच हवे.

पिंपळपान:

उत्तरवारा, तुमची तळमळ समजते, पण ‘अधिकार कुठून मिळतो’ ही भाषा थोडी कठोर वाटली. पक्ष्याला पिंजऱ्यात ठेवतो तेव्हाही आपण त्याच्या वतीने निर्णय घेतोच. प्रत्येक घर वेगळे असते. माझ्या आईला दिसत नाही. आमचा कॉकाटील (तुरा असलेला छोटा पोपट) तिच्या आवाजाच्या रोखाने झेपावायचा आणि ती दचकून तोल जाऊन पडण्याची वेळ दोनदा आली. एरवी आम्हाला त्याला दिवसभर पिंजऱ्यात ठेवावे लागले असते. पशुवैद्यांनी दोन्हीकडची मोजकी पिसे कापून दिली. त्यामुळे तो बाहेरच राहिला, आईच्या खांद्यावर बसू लागला, आणि दरम्यानच्या काळात आम्ही त्याला ठरावीक जागी उतरायला शिकवले. पुढे पिसे पुन्हा येऊ दिली, ती नंतर कधी कापली नाहीत.

कायमचा तोडगा म्हणून पिसे कापणे मलाही पटत नाही. पण ठरावीक काळापुरता, विचारपूर्वक केलेला उपाय आणि निव्वळ सोयीसाठी केलेली कापाकापी या दोन्ही गोष्टी एकाच तराजूत तोलल्या जाऊ नयेत.

निळावंती:

मला वयाचा मुद्दा मांडायचा आहे, कारण तो अजून कोणी मांडलेला नाही आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा तोच आहे.

आमच्याकडचा आफ्रिकन ग्रे पोपट एका विक्रेत्याकडून आला तेव्हा त्याची दोन्ही पंखांची जवळजवळ सगळी लांब पिसे आधीच कापलेली होती. तो पिल्लू होता आणि त्याआधी एकदाही उडालेला नव्हता. ग्रे हा वजनदार पक्षी. साधारण ४०० ते ५०० ग्रॅमचा. घाबरला की तो बसल्या जागेवरून झेप घ्यायचा आणि थेट जमिनीवर छातीवर आदळायचा. पोपटाच्या छातीच्या मधोमध एक उभे धारेसारखे हाड असते आणि त्यावर कातडीशिवाय फारसे काही नसते. वारंवार आपटून तिथली कातडी फाटली. जखम भरत यायची आणि पुढच्या पडण्यात पुन्हा उघडायची. टाके घालावे लागले, पिंजऱ्यातल्या काठ्या खाली आणाव्या लागल्या, तळाशी जाड टॉवेल अंथरावे लागले. जखम अखेर भरली. भीती मात्र राहिली. आजही तो नव्या काठीवर पाऊल टाकण्याआधी खूप वेळ थांबतो, आणि मांडीवरची पिसे उपटण्याची सवय त्याला तेव्हाच लागली.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. पिल्लाला आधी पुरते उडायला शिकू द्यावे. वळणे, वेग कमी करणे, नेमके उतरणे हे सगळे त्या कोवळ्या वयात अंगात मुरते. जो पक्षी हे शिकलेला असतो, तो पुढे काही पिसे कापली गेली तरी तोल सांभाळून उतरतो. जो शिकलेलाच नाही त्याला फक्त पडता येते. चिमणचारा, तुमची कॉन्यूर या बाबतीत सुदैवी आहे.

सांजवेळ:

निळावंतीताई, वाचून फार वाईट वाटले.

मी दुसऱ्या टोकाचा अनुभव सांगतो. आमच्या कॉकाटीलची पिसे कापलेली होती, म्हणून तो उडूच शकत नाही अशी आम्हा सर्वांची पक्की समजूत. भाऊ त्याला खांद्यावर घेऊन गच्चीवर गेला. वाऱ्याचा एक झोत आला, तो उचलला गेला आणि समोरच्या झाडांच्या पलीकडे दिसेनासा झाला. शोधले, हाका मारल्या, सापडला नाही. नंतर पशुवैद्यांनी समजावून सांगितले की बाहेरचा वारा आणि भीतीचा जोर मिळाला तर अर्धी पिसे असलेला हलका पक्षीही दूर जाऊ शकतो, शिवाय मधल्या काळात त्याची दोनतीन पिसे नव्याने आलेली असावीत. पिसे कापली आहेत या भरवशावर कोणीही पक्ष्याला उघड्यावर नेऊ नये. न्यायचे असेल तर पिंजऱ्यातून किंवा सवय करून घातलेल्या हार्नेसमधून (अंगाला बांधायच्या दोरीच्या पट्ट्यातून).

रानवेडा:

सांजवेळ यांचा अनुभव आणि निळावंती यांचा अनुभव वरवर पाहता परस्परविरोधी वाटतील, पण दोन्हींचे कारण एकच आहे. कॉकाटील ८० ते १०० ग्रॅमचा, लांब पंखांचा आणि मुळातच कुशल उडणारा पक्षी. वजनाच्या मानाने त्याच्या पंखांचा पसारा मोठा असतो, त्यामुळे काही पिसे गेली तरी तो उडतो. ग्रेसारख्या जड, आखूड शेपटीच्या पक्ष्याला तेवढीच पिसे गेली तर पेलवत नाही. म्हणूनच ‘इतकी पिसे कापा’ असा एकच आकडा सगळ्या पोपटांना लावता येत नाही. कॉन्यूर हलकी आहे, तरी वर मैत्रेयींनी सांगितल्याप्रमाणे थोड्यापासून सुरुवात आणि प्रत्यक्ष उतरणे पाहून पुढचा निर्णय, हाच मार्ग योग्य.

कस्तुरी:

एक शंका. काही जण सर्वांत बाहेरची दोन पिसे तशीच ठेवून त्यांच्या आतली कापतात, म्हणजे पंख मिटल्यावर पक्षी छान दिसतो. हे चालते का?

मैत्रेयी:

दिसायला बरे, पण मी त्याची शिफारस करणार नाही. ती दोन लांब पिसे शेजारच्या पिसांच्या आधाराविना एकटी पडतात आणि पिंजऱ्याच्या गजांत अडकून मोडतात. हेच नव्या पिसांच्या बाबतीत अधिक धोक्याचे ठरते. झडलेल्या पिसाच्या जागी कोवळे, रक्त असलेले पीस येत असते तेव्हा दोन्ही बाजूंची पूर्ण पिसे त्याला कुंपणासारखी सांभाळतात. आजूबाजूचे सगळेच कापलेले असेल तर पंख फडफडताना पहिला फटका त्या कोवळ्या पिसाला बसतो. त्यामुळे पंखात वाढते पीस असेल तर त्याला हात लावायचा नाहीच, त्याच्या लगतचे पूर्ण वाढलेले पीसही राखून ठेवावे.

कुठे कापायचे हेही सांगायचे राहिले. उड्डाणपिसांच्या मुळांवर आखूड पिसांची एक ओळ पांघरलेली असते. कापलेले टोक त्या ओळीच्या खाली किंचित झाकले जाईल अशा बेताने, एकेक पीस स्वतंत्र उचलून, दांडी नीट पाहून कापावे. सगळी पिसे एका झटक्यात सरळ रेषेत कापली तर दांड्यांची धारदार टोके पंख मिटल्यावर कुशीत टोचत राहतात, आणि त्या टोचण्यामुळे पक्षी तिथे चावू लागतो. पिसे उपटण्याच्या कितीतरी तक्रारींची सुरुवात अशा वाईट कापणीतून झालेली मी पाहिली आहे. कात्री धारदार पण बोथट टोकाची असावी. प्रकाश भरपूर असावा.

निशिगंध:

आणि चुकून रक्त आलेच तर?

मैत्रेयी:

पक्ष्याला टॉवेलमध्ये शांत धरावे. तुटलेल्या दांडीच्या टोकावर स्वच्छ कापसाने किंवा गॉजने काही मिनिटे सलग दाब द्यावा. दर थोड्या वेळाने उचलून पाहू नये. दांडीच्या टोकाला रक्त थांबवणारी भुकटी किंवा ती नसेल तर मक्याचे पीठ लावता येते. ही भुकटी उघड्या जखमेत किंवा पीस जिथून उगवते त्या कातडीच्या छिद्रात मात्र भरू नये. रक्त थांबले तरी पक्ष्याला मंद प्रकाशात, उबदार जागी ठेवावे आणि लक्ष ठेवावे, कारण फडफडताच ते पुन्हा सुरू होऊ शकते.

थांबत नसेल तर लगेच पशुवैद्यांकडे न्यावे. ‘पीस मुळापासून उपटले की रक्त थांबते’ असा सल्ला अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. हे काम पशुवैद्य करतात, पण गरज असेल तरच. घरी तसे करू नये. उड्डाणपिसे थेट हाडाशी जोडलेली असतात, उपटताना तीव्र वेदना होतात आणि छिद्राला कायमची इजा झाली तर पुढचे पीस वाकडे येते किंवा येतच नाही.

याच कारणासाठी पहिल्या वेळी तरी हे सगळे पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडूनच करून घ्यावे आणि जवळ उभे राहून पाहावे. तेही शक्यतो सकाळी, म्हणजे पुढे काही झाले तर दवाखाना उघडा असतो.

कस्तुरी:

कापलेली पिसे परत यायला किती काळ लागतो? आणि निळावंतीताईंच्या ग्रेसारखी कापणी फारच वाईट झाली असेल तर तोवर वाट पाहण्यावाचून काही उपाय नाही का?

रानवेडा:

कापलेले पीस कापलेल्या जागेवरून वाढत नाही. त्याचे खोड पुढच्या पीसझडीपर्यंत तसेच राहते, ते गळले की नवे पीस येते. पोपटाची पिसे एकदम झडत नाहीत. प्राथमिक पिसांत साधारण मधल्या एखाद्या पिसापासून सुरुवात होऊन झड दोन्ही दिशांना पुढे सरकते, त्यामुळे पूर्ण पंख पूर्ववत व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ जातो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हो, उपाय आहे. ससाणे पाळणारे लोक शतकानुशतके मोडलेल्या पिसाला दुसरे पीस जोडत आले आहेत. जुन्या दांडीच्या पोकळीत बारीक काडी बसवून, त्यावर झडलेले जुळते पीस चिकटवतात. काही पशुवैद्य हीच पद्धत पोपटांसाठी वापरतात. पक्षी त्याच दिवसापासून त्या उसन्या पिसांवर उडू शकतो, आणि झडीच्या वेळी ती नेहमीसारखीच गळून पडतात.

निळावंती:

हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. ज्यांच्याकडे असा पक्षी आला असेल त्यांनी आपल्या पशुवैद्यांना अवश्य विचारावे. आपल्या पक्ष्याची झडलेली लांब पिसेही टाकून न देता स्वच्छ करून जपून ठेवावीत.

उत्तरवारा:

पिंपळपान, तुमच्या आईंची परिस्थिती वाचली. तिथे माझा विरोध नाही, आणि ‘अधिकार’ हा शब्द तुम्हाला लागला असेल तर मी तो मागे घेतो. तुम्ही पिसे कापलेल्या काळात प्रशिक्षण दिलेत हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. बहुतेक ठिकाणी पिसे कापली जातात आणि पुढचे काम कोणीच करत नाही. पिसे परत येतात, धोके होते तिथेच असतात, मग पुन्हा कात्री.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. पिसे कापलेला पक्षी काही धोक्यांपासून वाचतो तसा काहींच्या तोंडी जातो. तो जमिनीवर चालू लागतो, पायाखाली येतो, दारात चिरडतो. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर त्याला उडून सुटता येत नाही. आणि नॉनस्टिक भांडे जास्त तापल्यावर निघणारा वायू तर पिसे असोत वा नसोत, काही मिनिटांत पक्ष्याचा जीव घेतो.

चिमणचारा:

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही पक्ष्यांच्या पशुवैद्यांकडे जाऊन आलो. त्यांनी पंख उघडून दाखवले तेव्हा उजव्या बाजूला दोन आणि डाव्या बाजूला एक पीस नव्याने वाढत असल्याचे दिसले. ती पूर्ण होईपर्यंत कात्री लावायची नाही असे त्यांनीही सांगितले. पक्षी बाहेर असेल तेव्हा पंख्याचे बटण बंद करून त्यावर टेप लावायची, काचेला पातळ पडदा सोडायचा, आणि मुलाच्या खोलीत नव्हे तर आतल्या, एकच दार असलेल्या खोलीत तिला मोकळे सोडायचे, असे घरात ठरले आहे. हाकेला हातावर येण्याचे प्रशिक्षणही सुरू केले आहे. इतके करूनही दाराची भीती राहिली, तर दोन्हीकडची तीन-तीन पिसे पशुवैद्यांकडून कापून घेऊ.

एवढेच विचारायचे आहे की पीस पूर्ण वाढले हे आम्हाला घरी कसे ओळखता येईल? तिच्या पिसांच्या दांड्या मुळातच गडद आहेत, त्यामुळे रंगावरून काहीच कळत नाही.

उत्तरवारा:

प्रशिक्षणासाठी एक सूचना. तिचे सर्वांत आवडते खाणे फक्त हाकेसाठी राखून ठेवा, एरवी वाटीत देऊ नका. आधी हातभर अंतरावरून, मग खोलीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत. ती नाही आली तर रागावू नका, मागे लागून पकडूही नका. हाक आणि पिंजऱ्यात परत जाणे यांची सांगड तिच्या मनात बसली की ती हाकेला यायची थांबते.

मैत्रेयी:

तुमचे निरीक्षण बरोबर आहे. गडद पिसांच्या पक्ष्यांत रंगावर विसंबणे चुकीचे ठरते. पंख खालच्या बाजूने, उजेडासमोर धरून पाहा. वाढणारे पीस मुळाशी शेजारच्या पिसांपेक्षा जाड दिसते, त्याभोवती मेणचट, करड्या रंगाचे आवरण असते आणि आत निळसर-तांबूस छटा जाणवते. लांबीही शेजारच्या पिसांपेक्षा कमी असते. पीस पूर्ण होत आले की ते आवरण सुकून कोंड्यासारखे गळते, दांडी बारीक, कडक आणि मुळाशी अर्धपारदर्शक होते. अंदाज घेण्यासाठी दांडी बोटांत दाबू नका. वाढते पीस नाजूक असते आणि दाबले की दुखते. शंका वाटली तर ते पीस वाढतेच आहे असे धरून चाला.

तीन पिसे कापण्याची वेळ आलीच, तर त्या दिवशी दोन्ही पंख पुन्हा उघडून पाहायला सांगा. तोवर आणखी एखादे पीस झडलेले असेल आणि त्याच्या जागी नवे येऊ लागले असेल.